यंत्रे आली, आता ती चालवणारी माणसे द्या

प्रति,
राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांचे मा. कुलगुरू,
उच्च व तंत्रशिक्षण विभागाचे मा. अधिकारी
आणि संशोधन निधी मंजूर करणाऱ्या समित्यांचे मा. सदस्य यांस,

विषय : सेमीकंडक्टर फिल्म वाढवणाऱ्या प्रयोगशाळांना कायम ऑपरेटर आणि आवर्ती खर्च मंजूर करण्याबाबत

स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२२ मध्ये तळेगावचा वेदांत-फॉक्सकॉन प्रकल्प गुजरातला गेला तेव्हा उठलेला गदारोळ आपणा सर्वांना आठवत असेल. पुढच्या जुलैत फॉक्सकॉन स्वतःच त्यातून अंग काढून मोकळी झाली, त्यावर मात्र कुणी फारसे बोलले नाही. तेव्हापासून सेमीकंडक्टर म्हटले की जमीन, पाणी, वीज, सबसिडी आणि कोणी कुणाचा कारखाना पळवला, एवढ्यावर आपली चर्चा संपते. केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटींची योजना मंजूर केली. धोलेऱ्याला टाटा आणि तैवानची पॉवरचिप मिळून ९१,००० कोटींचा फॅब, म्हणजे चिप बनवण्याचा कारखाना, उभारत आहेत. महिन्याला ५०,००० वेफर, म्हणजे ज्यांवर चिप कोरतात त्या सिलिकॉनच्या चकत्या, काढायचे त्यांचे उद्दिष्ट आहे. हे आकडे ऐकून आपली विद्यापीठेही आता कंबर कसून उतरली आहेत. कुठे व्हीएलएसआयचा, म्हणजे चिप-डिझाइनचा, नवा अभ्यासक्रम निघतो, कुठे ‘सेंटर ऑफ एक्सलन्स’ची पाटी लागते, कुठे थर बसवणारे नवे डिपॉझिशन यंत्र येते.

मी याच राज्यातल्या एका विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवले आणि नोकरीची बहुतेक वर्षे थिन फिल्मच्या, म्हणजे पदार्थांचे अतिपातळ थर वाढवण्याच्या, प्रयोगशाळेत काढली. माझी मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढचे वाचायला सवड नाही त्यांचे काम होईल. फिल्म वाढवणारे कोणतेही यंत्र मंजूर करताना ते चालवणारा कायम माणूस आणि निदान सात वर्षांचा चालवण्याचा खर्च त्याच कागदावर मंजूर करा. ते जमणार नसेल तर यंत्रही घेऊ नका.

सवड असणाऱ्यांसाठी कारणे देतो.

चिपचा विषय निघाला की सगळे डिझाइनकडे वळतात. त्यात गैर काही नाही. जगातल्या चिप-डिझाइन अभियंत्यांपैकी सुमारे २० टक्के भारतात आहेत असे सरकार सांगते. डिझाइनला संगणक, सॉफ्टवेअरचे परवाने आणि हुशार मुले लागतात, आणि हे तिन्ही आपल्याकडे मिळते. पण ते डिझाइन वेफरवर उतरते थराथराने. सिलिकॉनच्या चकतीवर ऑक्साइड, नायट्राइड, धातू यांचे थर एकामागून एक बसवायचे, नको तिथले कोरून काढायचे, पुन्हा बसवायचे. हे थर किती पातळ असावेत? ट्रान्झिस्टरमधला प्रवाह चालू-बंद करणाऱ्या गेटखालचा सिलिकॉन ऑक्साइडचा थर या शतकाच्या सुरुवातीला १.२ नॅनोमीटरवर आला होता, म्हणजे जेमतेम पाच अणुथर. आणखी पातळ करावा तर त्यातून इलेक्ट्रॉन आरपार गळू लागतात आणि चिप नुसती तापत बसते. सगळा उद्योग तिथे अडला होता. त्यातून सोडवले एका दुसऱ्या पदार्थाने. हाफ्नियमवर आधारलेला ऑक्साइड जाड ठेवला तरी गेटचे तेच काम करतो, आणि गळती कितीतरी कमी होते. इंटेलने २००७ साली ४५ नॅनोमीटरच्या प्रोसेसरमध्ये तो बाजारात आणला.

हा थर बसवायची रीत मात्र तेव्हा नवी नव्हती. फिनलंडच्या तुओमो सुंतोला यांनी १९७४ सालीच तिचे पेटंट घेतले होते. ॲटॉमिक लेयर डिपॉझिशन, प्रयोगशाळेच्या बोलीत एएलडी. एक वायू आत सोडायचा; तो पृष्ठभागावर एका थरापुरता चिकटतो आणि थांबतो. उरलेला बाहेर काढायचा. मग दुसरा वायू सोडायचा. तो चिकटलेल्या पहिल्याशी अभिक्रिया करतो आणि थांबतो. पुन्हा बाहेर काढायचा. अशी आवर्तने करत जायची. सुंतोला हे सगळे चपट्या डिस्प्लेसाठी करत होते, आणि १९८३ साली हेलसिंकी विमानतळावर तसले फलक लागलेही. प्रोसेसर त्यांच्या डोक्यात नव्हता. पण पुढची तीन दशके ही रीत जिवंत ठेवणारी, यंत्रे सुधारणारी, रेसिपी वहीत लिहून पुढच्याच्या हाती देणारी माणसे टिकली, म्हणून गरज पडली तेव्हा ती तयार होती. सुंतोलांना २०१८ साली मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला. आपल्या तीन वर्षांच्या प्रकल्प-मुदतीत आणि मार्चअखेरच्या उपयोगिता प्रमाणपत्रात यातले काय बसले असते, याचा विचार समितीच्या सदस्यांनी जरूर करावा.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते सांगतो, कारण मंजुरीच्या टेबलावर बसणाऱ्या बहुतेकांनी ते पाहिलेले नसते.

बेल लॅब्जमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस जॉन आर्थर आणि आल्फ्रेड चो यांनी मॉलिक्युलर बीम एपिटॅक्सी, म्हणजे एमबीई विकसित केली. स्टीलच्या निर्वात चेंबरमध्ये गॅलियम, आर्सेनिक, ॲल्युमिनियम यांच्या छोट्या भट्ट्या असतात. समोर तापवलेली चकती. भट्टीपुढचे शटर उघडले की अणूंचा झोत निघतो आणि चकतीवर स्थिरावतो. खालच्या स्फटिकाची जी मांडणी तीच वरचे अणू पुढे चालवतात, भाताच्या लावणीत आधीच्या ओळीकडे बघून पुढची ओळ धरतात तसे. वेग सेकंदाला साधारण एक थर, म्हणजे तासाला एक मायक्रोमीटर. आता एवढ्या सावकाश चाललेल्या कामात भलतेसलते अणू बसू द्यायचे नाहीत, तर व्हॅक्यूम किती चांगला हवा, हे पाहा. दाब वातावरणाच्या ७६ कोटींव्या भागावर आणला तरी उरलेल्या वायूचा एक अख्खा थर पृष्ठभागावर सुमारे एका सेकंदात बसू शकतो. म्हणजे माल आणि कचरा एकाच वेगाने वाढणार! म्हणून दाब त्याच्याही खाली, आणखी दहा हजार पटींनी न्यावा लागतो. मग कचऱ्याचा तोच थर बसायला तीनेक तास लागतात, तेवढ्यात आपले काम उरकता येते.

तिथवर पोचायला अख्खे चेंबर दीडशे-दोनशे अंशांवर कित्येक दिवस भाजत ठेवावे लागते. त्या दिवसांत मध्येच वीज गेली आणि जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला, तर बहुधा पहिल्यापासून सुरुवात.

फिल्म वाढत असताना तिच्यावर नजर ठेवायची एक सुंदर सोय असते. अगदी तिरप्या कोनातून इलेक्ट्रॉनचा किरण पृष्ठभागावर सोडतात आणि पलीकडच्या फॉस्फरच्या पडद्यावर हिरवट रेषा उमटतात. थर अर्धवट भरलेला असताना पृष्ठभाग खडबडीत असतो, तेव्हा रेषा मंदावतात. थर पुरा झाला की पुन्हा उजळतात. उजळ, मंद, उजळ. एका झोक्याला एक थर मोजायचा. रेषा तुटून त्यांचे ठिपके होऊ लागले, तर समजायचे की थर सपाट राहिलेला नाही, पृष्ठभागावर उंचवटे उठताहेत. कधी कधी तेच हवे असते. गॅलियम आर्सेनाइडवर इंडियम आर्सेनाइड वाढवले तर दोघांच्या स्फटिकजाळीत सुमारे ७ टक्क्यांचा फरक पडतो. दीड-पावणेदोन थरांपर्यंत फिल्म तो ताण सोसते आणि मग आपण होऊन नॅनोमीटरच्या मापाच्या टेकड्यांत फुटते. हेच क्वांटम डॉट.

रेषांचे ठिपके होण्याचा क्षण कॅमेराही टिपतो. पण शटर तेव्हाच बंद करायचे की आणखी दोन सेकंद थांबायचे, हे चकतीच्या तापमानावर, आर्सेनिकच्या दाबावर, एवढेच काय, चकती धरणारा होल्डर किती जुना झाला आहे त्यावर ठरते. मॅन्युअलमध्ये यातले काही नसते. यंत्राजवळ वर्षानुवर्षे बसलेल्या माणसाला ते दिसते. आपल्याकडे तिथे बसतो पीएचडीचा विद्यार्थी. त्याला दिसायला लागेपर्यंत त्याची फेलोशिप संपत आलेली असते. तो प्रबंध लिहायला जातो, तिथून नोकरीला जातो, आणि पुढचा मुलगा शून्यापासून सुरुवात करतो.

दुसरे उदाहरण खास आपल्या पावसाळ्यातले. जुलैत चेंबर उघडून बंद केले की दाब खाली उतरायला तयारच होत नाही. अशा वेळी आत उरलेल्या वायूंचे वस्तुमान मोजणारे उपकरण, आरजीए, सुरू करून पडद्याकडे बघायचे. १८ वर उंच शिखर आहे आणि ३२ ची जागा सपाट आहे, तर गळती नाही. भिंतींना चिकटलेले पाणी सुटते आहे, भाजत राहा. २८ आणि ३२ दोन्ही वर आली असतील, तर बाहेरची हवा आत येते आहे; मग हीलियमची नळी घेऊन एकेका जोडावर वायू सोडायचा आणि ४ चे शिखर कधी उडी मारते ते बघायचे. हे ठाऊक नसलेला माणूस पहिल्याच प्रसंगात घाबरून बोल्ट आवळत सुटतो, तांब्याचे चांगले गॅस्केट चेपून टाकतो, आणि नसलेली गळती स्वतःच्या हाताने तयार करतो. नाहीतर कंपनीचा इंजिनिअर बोलावला जातो. विमानाचे तिकीट, हॉटेल, दिवसाचे शुल्क, त्यावर जीएसटी. आणि साहेब पडद्याकडे बघून सांगतात, ‘बेक करा.’

हे वाचून तुम्ही म्हणाल, एवढे नाजूक काम टीआयएफआर आणि आयआयटीने करावे, राज्य विद्यापीठांनी त्यात पडू नये. टीआयएफआरमध्ये आणि पवईच्या आयआयटीत गॅलियम आर्सेनाइडसारखे संयुग-अर्धवाहक उत्तम वाढवले जातात, यात वाद नाही. पण निळा प्रकाश देणाऱ्या गॅलियम नायट्राइडची गोष्ट बघा. १९८०च्या दशकात त्याची आशा बहुतेकांनी सोडली होती. ज्या सॅफायरवर ते वाढवायचे त्याच्याशी जाळी सुमारे १६ टक्क्यांनी जुळत नाही. फिल्म यायची ती खडबडीत आणि भेगाळलेली. १९८१ साली इसामु अकासाकी कंपनीतली नोकरी सोडून नागोया विद्यापीठात आले. हिरोशी अमानो त्यांचे विद्यार्थी. हवा तसा रिॲक्टर विकत मिळत नव्हता, तेव्हा तो त्यांनी स्वतःच जोडला. एकदा भट्टी हवी तेवढी तापेना, आणि त्या अडचणीतूनच कमी तापमानाला आधी ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर द्यायची कल्पना पुढे आली, असे अमानो यांनीच सांगितले आहे. त्या थरावर मग हजार अंशांच्या आसपास गॅलियम नायट्राइड वाढवले, तर फिल्म काचेसारखी स्वच्छ आली. हे १९८६ सालचे. आपल्याकडे भट्टी तापली नसती तर काय झाले असते? ‘यंत्र नादुरुस्त’ अशी चिठ्ठी, वॉरंटीची फाइल आणि स्टोअरकडे तीन प्रतींत अर्ज.

शुजी नाकामुरा तर विद्यापीठातलेही नव्हते. शिकोकू बेटावरच्या तोकुशिमा भागातल्या एका छोट्या कंपनीत ते काम करत. आपल्या हिशेबाने जिल्ह्याच्या ठिकाणी. कंपनीने त्यांना फ्लोरिडा विद्यापीठात वर्षभर शिकायला पाठवले, आणि त्या वर्षाचा मोठा भाग रिॲक्टर जोडण्यातच गेला. परत आल्यावर त्यांनी विकत घेतलेल्या रिॲक्टरचे पोट फाडून वायू दोन दिशांनी आणायची सोय केली. १९९३ साली लख्ख निळा एलईडी बाजारात आला. तिघांना २०१४ चे नोबेल मिळाले. यंत्र उघडायची, त्याला पान्हा लावायची मुभा आणि हिंमत असलेले लोक, एवढे त्या दोन्ही ठिकाणी समान होते. आपल्याकडे सीलबंद यंत्राला हात लावला की वॉरंटी जाते आणि जबाबदारी ठरते, म्हणून कुणी हात लावत नाही.

तोच गॅलियम नायट्राइड आता आपल्या खिशातल्या छोट्या फास्ट चार्जरमध्ये आणि सीमेवरच्या रडारमध्ये आहे. त्याचा भाऊबंद सिलिकॉन कार्बाइड विजेच्या गाड्यांत शिरला. टेस्लाने मॉडेल थ्रीच्या इन्व्हर्टरमध्ये तो वापरला आणि बाकीचे मागोमाग आले. चाकण-रांजणगावच्या पट्ट्यात गाड्या बनतात, त्यांतले हे ट्रान्झिस्टर बहुतांशी बाहेरून येतात. आणि सिलिकॉन कार्बाइडची फिल्म चांगली वाढू लागली ती कशाने? क्योतो विद्यापीठात हिरोयुकी मात्सुनामी यांच्या गटाने १९८७ साली दाखवले की वेफर स्फटिकाच्या मुख्य पातळीपासून काही अंश तिरपा कापला तर पृष्ठभागावर अणूंच्या पायऱ्या तयार होतात, आणि नवे अणू त्या पायऱ्यांच्या कडेला बसताना खालचा क्रम बिनचूक उचलतात. सपाट पृष्ठभागावर हा क्रम चुकतो, कारण सिलिकॉन कार्बाइडचे थर रचायच्या शेकडो तऱ्हा आहेत. आज बाजारात मिळणारे वेफर सहसा ४ अंशांनी तिरपे कापलेले असतात. चार अंश! या कामाला अब्जावधींचा फॅब लागला नव्हता. वर्षानुवर्षे तोच पदार्थ वाढवत बसलेला गट लागला होता.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, ती पुन्हा कुठे सांगायला मिळेल न मिळेल. १ ऑगस्ट २०२३ पासून चीनने गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. जगातले जवळपास सगळे प्राथमिक गॅलियम चीनमध्येच निघते. गॅलियमची वेगळी खाण नसते. बॉक्साइटमध्ये ते दशलक्ष भागांत साधारण ५० भाग असते, आणि ॲल्युमिना काढताना कॉस्टिकच्या द्रावात साठत जाते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पठारांवरचे बॉक्साइट बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याला गेलेले आहे. त्या बॉक्साइटमध्ये आणि त्या द्रावात गॅलियम किती, ते शुद्ध करायला खर्च किती, हा प्रश्न कोल्हापूर-बेळगावच्या विद्यापीठांनी मिळून हाती घ्यावा. त्याला कोट्यवधींचे यंत्र लागत नाही.

आता आपल्या घरचे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थिन फिल्मची परंपरा उभी केली, पुण्यात प्रा. सुलभा कुलकर्णी यांनी नॅनोकणांवर पिढी घडवली. सोलापूर, जळगाव, नांदेड, संभाजीनगर, कुठेही जा, भौतिकशास्त्र विभागात थिन फिल्मची एक खोली असतेच. बीकर, गरम पाण्याचे भांडे, कॅडमियमचा क्षार, अमोनिया, थायोयुरिया. काचपट्टी उभी बुडवून ठेवली की द्राव पिवळा होत जातो आणि तासाभरात पट्टीवर कॅडमियम सल्फाइडची पिवळी फिल्म बसते. नाहीतर स्प्रे पायरोलिसिस: तीन-चारशे अंशांवर तापलेल्या काचेवर वरून फवारा, चर्र आवाज, वाफ, आणि खाली ऑक्साइडचा थर. फार थोड्या पैशांत उभी राहिलेली ही प्रयोगशाळा सांगोला, गारगोटी, चाळीसगावच्या मुलामुलींसाठी संशोधनाचा दरवाजा ठरली. त्यातली कितीतरी पुढे पोस्टडॉकला कोरियात गेली. तिथल्या प्रयोगशाळांत मराठी ऐकू यायचे ते उगाच नाही. मोठ्या संस्थांतले काही जण या कामाला ‘बीकर फिजिक्स’ म्हणून नाक मुरडतात. त्यांनी हे लक्षात घ्यावे की तांबे-इंडियम-गॅलियम-सेलेनाइडच्या सौरघटांत कॅडमियम सल्फाइडचा पन्नासेक नॅनोमीटरचा थर याच रासायनिक स्नानाने दिला जात आला आहे.

दुखणे वेगळेच आहे. आपण पेपर मोजतो, म्हणून मुले पेपर वाढवतात. झिंक ऑक्साइड घ्यायचा, त्यात एखादा धातू १, २, ३, ४, ५ टक्के मिसळायचा, एक्सआरडी, सेम, यूव्ही या ठरावीक चाचण्या काढायच्या, पेपर छापायचा. पुढच्या वर्षी धातू बदलायचा. त्या फिल्मवर साधा डायोडसुद्धा कुणी बनवत नाही. आणि एक प्रश्न तर आमच्या तोंडी परीक्षांत मी क्वचितच ऐकला: हीच फिल्म दुसऱ्या विद्यार्थ्याने, दुसऱ्या ऋतूत काढली, तर हीच येईल का? फॅबचे सगळे आयुष्य याच प्रश्नावर चालते. तिथे आजचा वेफर आणि सहा महिन्यांनंतरचा वेफर सारखाच यावा लागतो. आपल्या मुलांना ही शिस्त शिकवायला बीकरही पुरे आहे, फक्त आपण ती मागितली पाहिजे. पीएचडीच्या नियमांत एक साधी तरतूद करा: प्रबंधातली एक तरी रेसिपी त्या विद्यार्थ्याच्या गैरहजेरीत, त्याच्या वहीवरून, दुसऱ्याने चालवून दाखवावी. जमली तर ते एका पेपरच्या तोडीचे धरा. जमली नाही आणि का जमली नाही ते सापडले, तर दोन पेपरच्या तोडीचे.

आता यंत्रांकडे येतो. मला माहीत असलेल्या एका विभागात निधी परत जाऊ नये म्हणून मार्चअखेर घाईघाईने फिल्म बसवणारे स्पटरिंग यंत्र घेतले गेले. नाव सांगत नाही; वाचणाऱ्या बऱ्याच जणांना ते आपल्याच विभागाचे वाटेल. फीत कापली, फोटो आले. मग ध्यानात आले की निविदेत चिलर धरलेलाच नाही, आणि थंड पाण्याशिवाय ते यंत्र सुरू करता येत नाही. चिलर पुढच्या आर्थिक वर्षात आला, तोवर वॉरंटी संपत आलेली. ऑपरेटर म्हणून ११ महिन्यांच्या करारावर घेतलेला मुलगा हुशार होता. वर्षभरात यंत्र त्याच्या हातात बसले, आणि चाकणच्या एका कंपनीने त्याला दुप्पट पगार दिला. त्याला दोष कोण देईल? देखभालीचा करार नव्हताच. आता त्या यंत्रावर निळी ताडपत्री आहे, आणि विद्यापीठाचे मूल्यांकन करणारी नॅकची समिती येते तेव्हा ती काढतात.

यावर उपाय अवघड नाही, फक्त तो कुणाच्या खात्यात येत नाही. आपल्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, प्रयोगशाळा सहायक आहे, परिचर आहे. यंत्र चालवणारा, दुरुस्त करणारा, नव्यांना शिकवणारा असा कुशल माणूस त्यात कुठेच नाही. तसे पद तयार करा. त्याला पदोन्नतीची वाट द्या, पेपरमध्ये त्याचे नाव द्यायची सक्ती करा, आणि पगार असा द्या की चाकणहून फोन आला तर त्याने निदान रात्रभर विचार करावा. चालवण्याच्या खर्चासाठी यंत्राच्या किमतीच्या दहाएक टक्के दरवर्षी बाजूला ठेवा. हा माझा ठोकताळा आहे, यंत्रागणिक कमीजास्त होईल. द्रव नायट्रोजन, वायू, टार्गेट, पंपाचे तेल, यूपीएसच्या बॅटऱ्या, देखभाल करार हे सगळे त्यातून भागले पाहिजे.

पुढची सूचना माझ्याच सहकाऱ्यांना आवडणार नाही. प्रत्येक विद्यापीठाला प्रत्येक यंत्र देऊ नका. वायूंपासून फिल्म वाढवणाऱ्या एमओसीव्हीडी यंत्राला लागणारे आर्सिन हे विषारी वायुरूप द्रव्य हवेत दशलक्ष भागांत ३ भाग झाले तरी जिवाला तत्काळ धोका मानतात. सिलेन वायू हवेशी संपर्क येताच आपोआप पेट घेऊ शकतो. ज्या इमारतीत अग्निशामकाच्या टाकीत पाणी आहे की नाही हे कुणी पाहिलेले नसते, तिथे हे सिलिंडर नेऊ नका. राज्यात अशी दोन-तीन सामायिक केंद्रे पुरेत, तिथे वायूचे कपाट, शोधक, स्क्रबर आणि चोवीस तासांचा माणूस असावा. बाकीच्यांनी स्लॉट घेऊन तिथे जावे. असा प्रकार नवा नाही. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयएससीत २००८ पासून इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूझर्स प्रोग्रॅम चालतो, त्यात बाहेरच्या विद्यार्थ्यांना शिकवून यंत्रावर काम करू देतात. २०२० पासून आय-स्टेमच्या पोर्टलवर देशभरातली उपकरणे बुक करता येतात. पुण्यात पाषाण रस्त्याला सी-मेट ही इलेक्ट्रॉनिक पदार्थांवर काम करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. नांदेडच्या मुलीला तिथे पंधरा दिवस राहून फिल्म वाढवायची असेल तर तिच्या प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, एवढाच प्रश्न विद्यापीठाने सोडवायचा आहे. आजमितीला तो सुटत नाही म्हणून ती जात नाही.

मी निवृत्त माणूस आहे, मला कोणते पद नको, समितीही नको. एकच विनंती आहे. अर्थसंकल्पासाठी अधिसभा बसेल तेव्हा प्रत्येक विद्यापीठाने एक तक्ता पटलावर ठेवावा आणि संकेतस्थळावर टाकावा. पन्नास लाखांवरचे प्रत्येक यंत्र, ते कधी घेतले, गेल्या वर्षी किती तास चालले, देखभाल करार चालू आहे का, ऑपरेटर कायम आहे की कराराचा, आणि आज त्या यंत्रावर कोणाचा नमुना आहे, एवढे सहाच रकाने पुरेत. तक्ता भरायला एका कारकुनाचा एक दिवस जाईल. हा तक्ता समोर नसताना नव्या यंत्राचा कोणताही प्रस्ताव अधिसभेने मंजूर करू नये.

कळावे,

आपला विश्वासू,
राज्यातील एका विद्यापीठातला भौतिकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक